दंडावरचं देणं

सकाळी आंघोळ झाली की मी दंडावर थोडं जेल लावते. त्याला रंग नाही. स्पिरिटसारखा वास येतो, तोही क्षणभरच. दंडाच्या बाहेरच्या बाजूला पातळ पसरायचं, चार-पाच मिनिटं वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे आणि मग ब्लाऊज घालायचं. या जेलात इस्ट्राडिओल, म्हणजे एक प्रकारचं इस्ट्रोजेन, असतं. बाईच्या अंडाशयात तरुणपणी जे संप्रेरक तयार होतं तेच हे, आणि पाळी जायच्या वयात आटतं तेही हेच. कातडीतून ते सरळ रक्तात उतरतं.

हे जेल माझ्या दंडापर्यंत कुणाकुणामुळे पोचलं, ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे. त्यातली काही माणसं माझ्या घरातली, काही सांगली-मिरजेतली. पुष्कळजणी अशा, की ज्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. ऋण सगळ्यांचं आहे.

मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. ४८व्या वर्षी माझी पाळी पुढेमागे व्हायला लागली. त्याचं फारसं काही वाटलं नाही. पण पाठोपाठ वाफा सुरू झाल्या. काउंटरवर बसलेली असताना छातीच्या मधोमध एकदम पेटल्यासारखं व्हायचं आणि ते गळ्यावरून कानशिलांपर्यंत चढायचं. मिनिटभरात पाठ, मान, वरचा ओठ घामाने भिजायचा आणि लगेच अंग गार पडून हुडहुडी भरायची. समोर गिऱ्हाईक उभं, हातात नोटांचं बंडल, आणि साठ-सत्तरपर्यंत आलेला आकडा डोक्यातून साफ पुसून जायचा. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. रोखपालाच्या हातून मोजणी सुटणं ही लहान गोष्ट नव्हे. संध्याकाळी रोकड जुळेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असे. रात्री दोन-अडीचला जाग यायची तेव्हा गाऊन चिंब झालेला, छातीत धडधड. ईसीजी काढला, तो चांगला निघाला. मग वाटायला लागलं की बिघाड मनातच असणार, आणि हे वाटणं वाफांपेक्षा वाईट होतं.

ओळखीच्या एका डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, झोपेची गोळी दिली आणि या वयात असं व्हायचंच, मन कशात तरी रमवा, असं सांगितलं. दुसरीकडे हार्मोनच्या गोळ्यांचा विषय निघाला. पण मला विशीपासून अर्धशिशी आहे; डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचतो. ते ऐकल्यावर तुम्हाला गोळ्या चालणार नाहीत, एवढं बोलून विषय संपला. गोळ्या नकोत हे बरोबरच होतं. गोळीशिवाय दुसरी वाट आहे, हे मात्र तिथे कुणी सांगितलं नाही.

त्या दिवसांत मला आई फार आठवायची. पन्नाशीच्या आसपास आई रात्री गादी सोडून माजघरातल्या उघड्या फरशीवर येऊन झोपायची. थंडीतसुद्धा. कुणी विचारलं तर ‘गार बरं वाटतं’ म्हणायची. सणासुदीला चुलीपुढे बसून पुरणपोळ्या लाटताना मध्येच उठून न्हाणीघरात जायची आणि तोंडावर पाणी मारून यायची. पुढे ६८व्या वर्षी अंगणात पाय घसरायचं निमित्त झालं आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती धड चाललीच नाही. तिच्या त्या रात्री आणि हे मोडलेलं हाड यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, अंडाशयं थंडावली की हाडंही भराभर झिजतात, हे तिला सांगणारं कुणी भेटलं नाही. मला भेटलं.

पहिल्या भेटल्या त्या आमच्या वन्सं. ह्यांची थोरली बहीण. मिरज हे दवाखान्यांचं गाव. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं रुग्णालय उभं केलं तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा लोक तिथे उपचाराला येतात. वन्सं मिरजेतच नर्सिंग शिकल्या आणि लग्नानंतर इंग्लंडला गेल्या. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत त्यांची सगळी नोकरी झाली. २०१८च्या डिसेंबरात पुतण्याच्या लग्नाला त्या आल्या होत्या. कार्यालयातल्या खोलीत आम्ही दोघी तयार होत होतो. त्या निऱ्या खोचत असताना कमरेखाली, कुल्ल्याच्या वरच्या बाजूला, एक पारदर्शक चौकोन चिकटवलेला दिसला. मला वाटलं काही लागलंय.

‘‘लागलंय का वन्सं?’’

‘‘नाही गं. पॅच आहे हा माझा. आठवड्यातून दोनदा बदलायचा.’’ निऱ्या खोचून झाल्या तशा त्या वळल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. डिसेंबरच्या सकाळी मी पंख्याखाली उभी होते आणि माझं ब्लाऊज पाठीवर ओलं झालं होतं. ‘‘तुला कधीपासून होतंय हे?’’

‘काय होतंय’ असं त्यांनी विचारलंच नाही. त्यांना दिसलं होतं. त्या एका प्रश्नाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर मी ज्याला मनाचे खेळ म्हणत होते, ते कुणालातरी बाहेरून दिसत होतं.

लग्नघर झोपल्यावर आम्ही गच्चीवर बसलो आणि वन्संनी त्यांची हकीकत सांगितली. ४२व्या वर्षी त्यांची पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढावी लागली. पाळी हळूहळू जाते तेव्हा शरीराला थोडी सवड मिळते. अंडाशयं काढली की ते संप्रेरक एका दिवसात थांबतं. आठवडाभरात त्यांना वाफा सुरू झाल्या. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. मग २००२चा जुलै उजाडला. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा फार मोठा अभ्यास चालू होता. त्यातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा भाग ठरल्या वेळेआधी थांबवला गेला, कारण गोळ्या घेणाऱ्या बायकांत स्तनांचा कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या जास्त दिसल्या होत्या. सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तीच बातमी. लाखो बायकांनी गोळ्या टाकून दिल्या, तशा वन्संनीही टाकल्या. त्यांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर, तपासणीला येणाऱ्या बायका, सगळ्यांनी. कुणी डॉक्टरांना विचारायलाही गेलं नाही.

‘‘आणि तो अभ्यास माझ्यासारख्या बाईवर झालेलाच नव्हता,’’ वन्सं म्हणाल्या. त्या बातमीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. वन्सं ४४ वर्षांच्या. त्या बायकांना पिशवी होती म्हणून दोन औषधं एकत्र दिली होती. वन्संना पिशवी नव्हती आणि त्या एकच घेत होत्या. पिशवी काढलेल्या बायकांचा वेगळा गट त्याच अभ्यासात होता. त्याचे निष्कर्ष २००४ साली आले, आणि नुसत्या इस्ट्रोजेनने स्तनांचा कॅन्सर वाढलेला त्यात दिसला नाही. पक्षाघाताचा धोका थोडा वाढला होता, म्हणून तोही भाग थांबवला गेला. मधली दोन वर्षं वन्संनी रात्रपाळ्या करत, घाम पुसत काढली. मग त्यांच्या डॉक्टरांनी गोळी नको म्हणून पॅच सुचवला. तो अजून चालू होता, कमी मात्रेचा, दरवर्षी तपासणी करून.

मी विचारलं, ‘‘तुमच्याकडे जास्तीचे आहेत का हो?’’

‘‘आहेत. पण मी तुला देणार नाही. तुझी पिशवी आहे. तुला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर आतलं अस्तर वाढत जाईल. आधी डॉक्टर, आधी तपासण्या.’’ त्या रात्री मला थोडा रागच आला. पण नर्स म्हणून काढलेली सगळी वर्षं त्या नकारात होती. त्यांनी माझ्यावर केलेल्या उपकारांत मी त्या नकाराला फार वरचं स्थान देते.

इंग्लंडला परत जाण्याआधी त्या मला मिरजेच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेल्या. तिथल्या बाकावर माझी दुसरी गाठ पडली.

जानेवारी म्हणजे गळिताचा हंगाम. आमच्या भागात साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला बीडकडच्या मजुरांच्या टोळ्या आलेल्या असतात. दसरा-दिवाळीला यायचं, उन्हाळा लागता लागता परत जायचं. बाकावर माझ्याशेजारी त्यातली एक बाई बसली होती. वय फार तर ३३-३४, हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे. बाहेर गर्दी होती म्हणून आतल्या मदतनीस बाईंनी आम्हा दोघींना एकदमच आत बसवलं. डॉक्टरबाईंशी काय आणि कसं बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. वन्सं बरोबर असूनही जीभ जड झाली होती. आणि ती बाई खुर्चीत बसताक्षणी, समोर कोण आहे, मागे कोण आहे, काही न बघता बोलायला लागली.

‘‘बाई, पिशवी काढली तवापासून अंगाची नुसती आग व्हतीया. रातच्याला कोपीत झोप न्हाई. मालक जवळ आला तर नको वाटतंय, दुखतंय. उगंच रडू येतंय. कोयता हातातून निसटतोय.’’

डॉक्टरबाईंनी विचारलं, पिशवी का काढली? पाळीत पोट फार दुखायचं, खाडा पडायचा, खाडा पडला की दंड. गावाकडच्या दवाखान्यात काढून टाक म्हणाले, काढली. अंडाशयंही काढली का? तिला ठाऊक नव्हतं. कागद नव्हता. डॉक्टरबाईंनी तिला आत नेऊन सोनोग्राफी केली. अंडाशयं दिसली नाहीत.

मी आजवर नवऱ्यालाही जे सांगितलं नव्हतं ते सगळं त्या बाईने चार वाक्यांत, मोकळ्या आवाजात सांगून टाकलं होतं. रात्रीचं, अंगाचं, संबंधांच्या वेळच्या दुखण्याचं, रडण्याचं. माझी वेळ आली तेव्हा मला फक्त तिच्या मागून बोलायचं होतं. ‘‘मलाही असंच होतंय,’’ एवढ्यापासून मी सुरुवात केली आणि मग सगळं आपोआप आलं. तिने ती वाट मोकळी केली नसती तर मी वाफांपुरतं सांगून परत आले असते. तिचं नाव मी विचारलं होतं, इथे लिहीत नाही.

डॉक्टरबाईंनी आम्हाला वेळ दिला. हे वाक्य साधं दिसतं, पण ज्या बायका पाच मिनिटांत बाहेर पडल्या आहेत त्यांना त्याची किंमत कळेल. त्यांनी रक्तदाब घेतला, घरात कुणाला गुठळ्या, कुणाला कॅन्सर झालाय का विचारलं, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, रक्तातली चरबी बघायला सांगितली. आईच्या खुब्याचं ऐकून त्या थांबल्या आणि ते कागदावर अधोरेखित केलं. मग केसपेपरच्या पाठीमागे एक चित्र काढलं. तोंड, जठर, आतडं, यकृत, हृदय.

गोळी गिळली की ती आतड्यातून आधी यकृतात जाते, त्या म्हणाल्या. इस्ट्रोजेनचा एवढा मोठा लोंढा एकदम आला की यकृत रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त तयार करतं, काही प्रकारची चरबीही वाढवतं. गोळीने गुठळ्यांचा धोका वाढतो तो मुख्यतः इथे. कातडीतून दिलं तर ते यकृताला वळसा घालून थेट रक्तप्रवाहात जातं, मात्रा कमी पुरते आणि दिवसभर पातळी सारखी राहते. अर्धशिशी असलेल्या बाईला ही चढउतार नसलेली पातळी जास्त सोसते. म्हणजे ज्या कारणाने मला दुसरीकडून परत पाठवलं होतं, त्याच कारणाने माझ्यासाठी हा मार्ग योग्य होता.

पिशवी आहे म्हणून रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. तिने झोपही येते, ती वाहन चालवण्याआधी घ्यायची नाही. स्तनांच्या कॅन्सरचं मी विचारलं तेव्हा त्यांनी हात झटकले नाहीत. दोन्ही औषधं मिळून घेतली तर धोका थोडा वाढतो, वर्षं जातील तसा वाढतो, आणि कातडीतून दिल्याने तो भाग पुसला जात नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. तुमचं वय, तुमचा त्रास, तुमची हाडं एका बाजूला ठेवून बघू, दरवर्षी तपासू, नको वाटलं तर थांबवू. जेलच्या नळीबरोबरच्या मापाच्या पट्टीवर अर्धं माप, तेवढ्याने सुरुवात. स्तनांवर लावायचं नाही. लावलेली जागा वाळेपर्यंत लहान मुलाला त्या हातावर घ्यायचं नाही, त्याच्या अंगाला लागतं.

तीन-चार आठवड्यांत वाफा कमी झाल्या. एका रात्री झोपले ती सकाळी दूधवाल्याच्या हाकेने उठले. बंडल एका दमात मोजून व्हायला लागलं.

बरं वाटायला लागल्यावर माणूस औषधामागच्या गोष्टी सहसा शोधत नाही. मला मात्र आकड्यांची ओढ. वन्संनी फोनवर जे जे वाचायला पाठवलं ते मी शब्दकोश घेऊन बसून वाचलं. २००२ साली थांबलेल्या त्या अमेरिकन अभ्यासात १६,६०८ बायका होत्या. ८,५०६ जणींना खरं औषध, ८,१०२ जणींना तसलीच दिसणारी खोटी गोळी. आपण कुठली घेतोय हे कुणालाच माहीत नव्हतं. सरासरी पाच वर्षांवर त्या रोज ती गोळी घेत राहिल्या, तपासण्यांना येत राहिल्या, फॉर्म भरत राहिल्या. दर वर्षी दर दहा हजार बायकांमागे स्तनांच्या कॅन्सरच्या आठ जास्त, गुठळ्यांच्या अठरा जास्त. खुब्याची हाडं मोडलेल्या पाच कमी. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले आहेत. एकेका आकड्यामागे माणूस असतो हे मला कुणी शिकवायला नको. त्या आठजणी, त्या अठराजणी कुणाच्या तरी आया, आज्या होत्या. त्यांच्या शरीरावर जे घडलं त्याची नोंद झाली म्हणून मिरजेच्या डॉक्टरबाई मला ‘थोडा’ हा शब्द मोजून वापरू शकल्या. त्या बातमीने जगभर बायकांचं नुकसान केलं हे वन्संचं म्हणणं मला पटतं. पण नुकसान आकड्यांनी केलं नाही. आकडे कुणाविषयी आहेत हे न सांगता ते ओरडून सांगितले गेले, त्याने केलं.

आणि फ्रान्समधल्या बायका. तिकडे १९७०च्या दशकापासून इस्ट्राडिओलचं जेल वापरात आहे, त्यामुळे गोळी घेणाऱ्या आणि जेल लावणाऱ्या अशा दोन्ही बायका तिथे होत्या. पहिल्यांदाच गुठळी झालेल्या १५५ जणी आणि तशाच वयाच्या, गुठळी न झालेल्या ३८१ जणी यांची तुलना करून २००३ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं की गोळीने धोका तिपटीहून जास्त वाढतो आणि कातडीतून दिल्याने तो वाढलेला दिसत नाही. ‘एस्थर’ असं त्या अभ्यासाचं नाव. या १५५ जणींना मी कधी भेटणार नाही. पाय सुजून, नाहीतर श्वास कोंडून त्या दवाखान्यात आल्या, आणि तशा अवस्थेत कुणीतरी त्यांना विचारलं, तुम्ही काय घेत होता? त्यांनी उत्तर दिलं. माझी वाट त्या उत्तरांतून निघाली आहे. मी जेल सुरू केलं त्याच जानेवारीत, २०१९ साली, इंग्लंडातला फार मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, गुठळी झालेल्या ८० हजारांवर बायकांच्या नोंदींचा, आणि त्यातही तेच निघालं. वन्संनी तो मला पाठवला तेव्हा खाली लिहिलं होतं, ‘आता निर्धास्त लाव.’

कॅप्सूलचं ऋण आणखी जुन्या बायकांचं. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं की पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो, हे अमेरिकेत १९७५ साली उजेडात आलं. तोवर घेणाऱ्या बायका आजारी पडल्या तेव्हाच ते कळलं. वन्संनी गच्चीवर मला नाही म्हटलं त्याची मुळं इथे आहेत.

शास्त्रज्ञांचंही ऋण आहेच. एडवर्ड डॉइझी यांनी १९३०च्या दशकात डुकरिणींची चार टन अंडाशयं गोळा करून त्यातून बारा मिलिग्रॅम इस्ट्राडिओल काढलं. अडीच ग्रॅम जेलात दीड मिलिग्रॅम असतं. म्हणजे रोज एवढं पूर्ण माप लावलं तर ते चार टन आज आठ दिवसांत दंडावर लावून संपतात. पुढे मेक्सिकोत रानातल्या कंदापासून संप्रेरकं बनवायची रीत रसेल मार्कर यांनी काढली आणि ती स्वस्त झाली. तिथल्या सिंटेक्स कंपनीत काम केलेले उरुग्वेचे अलेहांद्रो झाफारोनी यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात स्वतःची कंपनी काढली. औषध थोडं थोडं, सतत, कातडीतून द्यायचं हा त्यांचा ध्यास. प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून कानामागे लावायचा पॅच १९७९ साली आला, आणि इस्ट्राडिओलचा १९८६ साली. वन्संच्या कमरेवरचा चौकोन त्याच घराण्यातला. आमच्याकडे एप्रिल-मेच्या घामात पॅच टिकणं अवघड, म्हणून डॉक्टरबाईंनी मला जेल दिलं.

हे सगळं झालं तरी नळी सांगलीत मिळायला हवी. ती मिळते आमच्या केमिस्टकाकांमुळे. पहिल्यांदा चिठ्ठी दिली तेव्हा त्यांच्याकडे नव्हती. दोन दिवसांत पुण्याच्या स्टॉकिस्टकडून मागवली, वर्तमानपत्रात न गुंडाळता हातात दिली आणि कशी लावायची ते डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना, अशी खात्री करून घेतली. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला. २०१९चा पूर सांगलीकराला सांगायला नको. बाजारपेठ पाण्याखाली, रस्ते बंद, कोल्हापूरकडचा हायवे बंद. माझी नळी त्याच आठवड्यात संपली. थोड्याच दिवसांत वाफा पुन्हा आल्या आणि जेल काय काम करत होतं ते मला नव्याने कळलं. पाणी ओसरलं तेव्हा काकांचं दुकान गुडघाभर गाळात होतं. फर्निचर गेलं, माल गेला. तशात त्यांचा फोन आला. ‘‘ताई, तुमची नळी संपली असंल. मिरजेत एका दुकानात शिल्लक आहे, पुतण्याला धाडलंय.’’ मी दुकानात गेले तेव्हा त्यांच्या पायात गाळाचे बूट होते आणि माझी नळी गल्ल्याच्या वरच्या फळीवर, कोरड्या पिशवीत. आता ते दोन नळ्या कायम ठेवतात. आमच्या शाखेतल्या आणखी दोघी त्याच डॉक्टरबाईंकडे जातात. एकीला जेल चाललं, दुसरीला स्तनांचा कॅन्सर होऊन गेलाय म्हणून हार्मोन दिलेलं नाही, वाफांसाठी वेगळी गोळी चालू आहे.

आता राहिलं ते ज्या ऋणाचं काहीच फेडता आलं नाही ते.

बाकावरच्या त्या बाईला डॉक्टरबाईंनी स्वतःच्या कपाटातली नळी दिली होती. तुमच्यापेक्षा हिला याची गरज जास्त आहे, त्या मला म्हणाल्या होत्या. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते. हिचं संप्रेरक तिशीत थांबलं. तेवढी सगळी वर्षं तिच्या हाडांना, हृदयाला ते मिळायला हवं. पिशवी नसल्यामुळे तिला कॅप्सूलही लागणार नव्हती. नळी संपली की ये, असं सांगितलं होतं. मार्चमध्ये तोड संपली, टोळी गेली. ती आली नाही.

त्याच वर्षी बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या यायला लागल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. यातल्या कितीजणींची अंडाशयंही गेली, कितीजणी कोपीत रात्रभर उघड्या जमिनीवर पडून राहतात, हे विचारायला हवं. पिशव्या का काढल्या यावर बोलणं झालं, व्हायलाच हवं होतं. काढल्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांचं काय, यावर मी फार थोडं ऐकलंय. माझ्यासारख्या पगारदार बाईला बाकावर बोलायचं बळ जिने दिलं, तिला ते जेल हंगामापुरतं मिळालं आणि मला ते वर्षानुवर्षं मिळत आलंय. याचा मला त्रास होतो आणि व्हावा असंच वाटतं.

गेल्या हंगामात त्याच गावची टोळी आमच्या कारखान्याला आली. मुकादम उचलीच्या पैशांच्या कामाला बँकेत आला तेव्हा मी तिची चौकशी केली. ‘‘ती न्हाई येत आता. कंबर गेली तिची,’’ तो म्हणाला. मी डॉक्टरबाईंकडे जाऊन पत्र लिहून घेतलं. तिच्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या नावे: अंडाशयं काढलेली आहेत, सोनोग्राफी अमुक तारखेला झालेली आहे, रक्तदाब आणि स्तन तपासून इस्ट्राडिओलचं जेल सुरू करावं, हाडांची घनता बघावी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यावं. खाली मी तिच्यासाठी मराठीत मोठ्या अक्षरांत औषधाचं नाव, दंडावर कसं लावायचं ते आणि माझा फोन नंबर लिहिला. पत्र मुकादमाच्या हातात दिलं नाही, त्याच्या बायकोला बोलावून घेऊन दिलं. काय आहे, विचारलं तिने. मी सांगितलं. तिने पत्र पोलक्यात खोचलं, जराशी घुटमळली आणि म्हणाली, ‘‘आणिक एक लिहून द्या, बाई. माझी बी काढलीया.’’